तांब्याचा पत्रा आणि आपले रान



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र आम्ही तांब्याच्या पत्र्यावरून छापल्या जाणाऱ्या चित्रांविषयी, आणि त्यांतही निसर्गचित्रांविषयी बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. तेथे हाती लागलेल्या पुस्तकांत जुन्या युरोपीय चित्रकारांची काळीपांढरी छापचित्रे होती. त्या चित्रांनी आम्हांला धरून ठेवले, याचे कारण असे की त्यांत आम्हांला कारखाना दिसला. चित्रकार म्हटला की रंगांची पाटी आणि कुंचला घेतलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. येथे तसे नाही. येथे धातूचा पत्रा आहे, मेणाचा लेप आहे, तेजाब आहे, लोखंडी रूळ आहेत, काजळीची शाई आहे आणि कोपरापर्यंत मळलेले हात आहेत. अशा कामाशी आमचा परिचय जुना आहे.

या कलेला इंग्रजी शब्द एचिंग. मराठीत तिला अम्लरेखन म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे. रेघ माणसाने ओढायची, पण ती धातूत कोरण्याचे काम अम्लाने करायचे, हे त्या एका शब्दात येते.

छापण्याच्या इतर रीतींहून ही रीत कशी वेगळी, ते आधी सांगितले पाहिजे. लाकडी ठशावर जो भाग उंच राहतो तो छापला जातो. आपल्याकडील वस्त्रे छापणारे छिपे हेच करतात. दगडछापात, म्हणजे शिळाप्रेसमध्ये, दगड सपाट असतो आणि तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाही एवढ्या गुणावर सर्व काम चालते. पुण्याच्या चित्रशाळेची चित्रे आणि राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातील देवदेवता, ज्या आपल्या आजोबांच्या घरी भिंतीवर होत्या, त्या अशा दगडावरच्या. अम्लरेखनात याच्या उलट आहे. येथे जे खोल गेले ते छापले जाते. शाई खाचेत भरतात, वरचा पत्रा पुसून स्वच्छ करतात, आणि ओला कागद इतक्या जोराने दाबतात की तो खाचेत शिरून शाई उचलून आणतो. म्हणून खऱ्या अम्लरेखनाच्या चित्रावरून हळूच बोट फिरवले तर रेघ हाताला लागते. कागदावर पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोनही दिसतो.

ही कला जन्मली कोठे? राजवाड्यात नव्हे, देवळातही नव्हे. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात चिलखते घडविणारे कारागीर होते. पोलादावर छिन्नीने नाजूक नक्षी काढणे कठीण, म्हणून ते पोलादाला लेप देत, लेपावर नक्षी ओरखडत आणि उघड्या पडलेल्या धातूला अम्ल खाऊ देत. इ. स. १५०० च्या सुमारास त्यांच्यापैकीच डॅनिएल होप्फर नावाच्या कारागिराने ही युक्ती लोखंडी पत्र्यावर केली आणि त्यावरून कागदावर छाप काढले. शस्त्रशाळेतील हत्यारावरची नक्षी अशी चित्रशाळेत आली. पुढे १५१८ साली थोर चित्रकार ड्यूरर याने लोखंडाच्याच पत्र्यावर एक विस्तीर्ण देखावा काढला. मागे डोंगर, मध्ये खेडे, आणि पुढच्या बाजूला एक भली मोठी तोफ! त्याच सुमारास आल्टडोर्फर नावाच्या चित्रकाराने असे काही देखावे अम्लरेखनात केले की ज्यांत देव नाही, राजा नाही, कथा नाही. केवळ झाडे, डोंगर आणि वाट आहे. झाडे-डोंगर हे स्वतःच चित्राचा विषय होऊ शकतात, हे युरोपच्या छापचित्रांत असे प्रथम मान्य झाले. त्यापूर्वी झाड असे ते कोणा संताच्या पाठीमागे.

आता कृती पाहू. ती सविस्तर सांगण्याचे कारण असे की या कलेचा सारा अर्थ तिच्या कृतीत आहे.

दीडेक मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा घ्यावा. त्याच्या कडा कानसीने घासून उतरत्या कराव्यात, नाहीतर छापताना त्या कागद कापतील. पत्रा खडूच्या भुकटीने घासून त्यावरचा तेलकटपणा काढावा. मग मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ लेप गरम पत्र्यावर सारखा पसरावा, आणि पत्रा उलटा धरून मेणबत्तीच्या धुराने तो काळा करावा. पाठीमागची बाजू आणि कडा लाखेच्या पॉलिशने झाकाव्यात. आता एक सुई घ्यावी आणि चित्र काढावे. दाब देण्याचे कारण नाही. सुईने फक्त लेप बाजूला सारायचा आहे. काळ्या लेपावर तांब्याची तांबूस रेघ चमकू लागते. छिन्नीने कोरणाऱ्याला मनगटाचे बळ आणि वर्षांची उमेदवारी लागते. अम्लरेखनात सुई कागदावरच्या पेन्सिलीइतकी मोकळी फिरते. म्हणूनच शेतात, नदीकाठी, झाडाखाली बसून काम करणाऱ्या चित्रकारांना ही रीत मानवली. हॉलंडचा रेम्ब्रांट तयार पत्रे घेऊन आम्स्टरडॅमबाहेरच्या वाटांवरून फिरला असावा असे त्याची चित्रे पाहून वाटते. तसे वाटण्यास एक पुरावाही आहे. छापात चित्र आरशातल्यासारखे उलटे येते, आणि रेम्ब्रांटच्या आम्स्टरडॅमच्या देखाव्यात ते शहर उलटेच छापले गेले आहे. पाहिले तसे त्याने पत्र्यावर ओढले. आपल्यापैकी कोणी मार्कंड्याच्या देवळांसमोर बसून असेच चित्र काढले तर यात्रेकरू तक्रार करतील. ज्या उत्तरवाहिनी वैनगंगेसाठी लोक तेथे जातात, ती छापात दक्षिणवाहिनी दिसेल! त्यावर उपाय एकच: आधी कागदावर काढावे, ते आरशात पाहावे आणि मग पत्र्यावर उतरावे.

रेघा काढून झाल्या की पत्रा अम्लात बुडवतात. जेथे लेप आहे तेथे धातू सुरक्षित. जेथे उघडे आहे तेथे अम्ल खाणार. ते किती खाईल हे हाताच्या जोरावर नाही, वेळेवर अवलंबून आहे. पाच मिनिटे ठेवला तर रेघ उथळ, तिच्यात शाई थोडी, छाप फिकट. पाऊण तास ठेवला तर रेघ खोल आणि छाप काळाभोर. मात्र चित्रात सर्व रेघा सारख्या काळ्या असून चालत नाही. निसर्गचित्रात तर मुळीच नाही.

समजा, आपण भामरागडला आहोत. समोर इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांचा संगम आहे. पलीकडे डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेल्या आहेत. अलीकडे वाळू आणि खडक, आणि अगदी जवळ एका ऐनाचे खोड, ज्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. सर्व रेघा आपण एकदमच काढल्या आणि पत्रा अम्लात सोडला. पाच मिनिटांनी तो बाहेर काढायचा, धुवायचा, वाळवायचा, आणि सर्वांत दूरच्या डोंगरांवर कुंचल्याने लाखेचे पॉलिश लावून ते झाकून टाकायचे. त्यांचे काम संपले. पुन्हा अम्ल. दहा मिनिटांनी पुन्हा बाहेर; आता जवळचे डोंगर आणि नदी झाकायची. पुन्हा अम्ल. शेवटी ऐनाचे खोड आणि पायाशी असलेला खडक एवढेच उघडे राहतात आणि ते मनसोक्त खाल्ले जातात. मिनिटांचे हे आकडे उदाहरणादाखल आहेत. अम्लाची तीव्रता आणि हवेची उष्णता यांवर ते बदलतात, आणि चांद्याच्या उन्हाळ्यात तर अम्लही घाई करते व मेणाचा लेपही मऊ पडतो, म्हणून मे महिन्यात हे काम पहाटे करावे.

या झाकण्याकडे आपण लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. अम्लाला विवेक नाही. ते डोंगर, नदी आणि झाड यांत भेद करीत नाही. जे उघडे सापडेल ते खाते. चित्र होते की पत्र्याची नासाडी होते हे ठरते झाकणाऱ्यावर. जे दूरचे, नाजूक, धूसर आहे, ते सर्वांत आधी झाकावे लागते. उशीर झाला तर ते पुन्हा फिकट करता येत नाही. आणि जे पूर्ण पांढरे राखायचे, उदाहरणार्थ ताडोब्याच्या रानात ज्याला भुताचे झाड म्हणतात त्या कुलूचे चांदण्यात चमकणारे खोड, त्यावर सुई फिरवायचीच नाही. तो पांढरा रंग कोणी लावलेला नसतो. तो कागदाचाच असतो, आणि तो राखलेला असतो.

अम्लातून पत्रा निघाला की लेप पुसून काढतात आणि छपाई सुरू होते. जवसाचे तेल कढवून घट्ट करतात, त्यात काजळी घोटून शाई करतात. शाई गरम पत्र्यावर चोपडायची, कडक मलमलीने पुसायची आणि शेवटी खडू लावलेल्या तळहाताने हलके पुसायची. पुसणारा हात जड असेल तर आभाळ कोरडे येते. हलका असेल तर शाईचा पुसटसा पदर राहून पावसाळी ढग येतो. मग पत्रा यंत्रावर ठेवून वर ओला कागद, त्यावर लोकरीचे जाड कापड, आणि रूळ फिरवायचा. हे यंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी रसवंती आठवावी. दोन रूळ, त्यांच्यामधून सरकणारी लोखंडी फळी, आणि चाक. पिळून रस काढण्याऐवजी येथे दाबून चित्र काढतात, इतकाच फरक.

रेघेने सर्व साधत नाही. आपले रान एप्रिलमध्ये रेघांचे असते. सागाची पाने झडलेली, खोडे उभी, फांद्या उघड्या, बांबूची बेटे सुकलेली. सुईने काढावे असेच. पण श्रावणात तेच रान रेघा गिळून टाकते. सर्वत्र ओल्या काळसर हिरव्याचे थर. त्यासाठी अम्लरेखनाची एक धाकटी बहीण आहे, तिचे नाव अ‍ॅक्वाटिंट. पत्र्यावर राळेची बारीक पूड पाखडतात, पत्रा तापवून ती चिकटवतात, आणि अम्ल त्या कणांच्या मधल्या जागेत शिरून असंख्य सूक्ष्म खड्डे पाडते. छापात ते शाईच्या सपाट धुवणीसारखे दिसतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रीत फ्रान्स-इंग्लंडमध्ये रुळली आणि लगेच आपल्या देशाच्या वाट्याला आली.

थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्यास आले. त्यांनी त्या शहराचे बारा देखावे तेथेच पत्र्यावर तयार करून १७८८ पर्यंत छापले. त्या कामी स्थानिक कारागीर त्यांच्या हाताखाली होते. नंतर या काका-पुतण्यांनी उत्तरेत आणि दक्षिणेत प्रवास केला, आणि लंडनला परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात देशाच्या देखाव्यांची एकशे चव्वेचाळीस मोठी चित्रे अ‍ॅक्वाटिंटमध्ये प्रसिद्ध केली. विलायतेने हिंदुस्थान पाहिला तो बराचसा या पत्र्यांतून. त्यांत वेरूळची चोवीस आहेत. ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून केली आहेत, आणि मुखपृष्ठावर वेल्स आणि डॅनियल ही दोन नावे आहेत. परंतु वेल्स १७९५ मध्ये वेरूळला पोचण्यापूर्वी त्या लेण्यांची रेखाटने पुण्याच्या एका मनुष्याने केली होती. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी तो चित्रे काढी, आणि वेल्सबरोबरही त्याने काम केले. त्याचे नाव गंगाराम चिंतामण, आडनाव तांबट! त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांबटाच्या घराण्यातला माणूस कागदावर लेणी उतरवतो, आणि तांब्यावर नाव लागते दुसऱ्यांचे. कामगाराला यात काही नवे वाटणार नाही.

तांब्यावर कोरून कागदावर छापण्याची विद्या मराठी मुलखात त्याच काळात शिरली. मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर देवनागरी अक्षरे कोरवून भगवद्‌गीता छापविली. ते काम अम्लाचे नव्हते, हत्याराने कोरण्याचे होते. पण पत्र्याच्या खाचेत शाई भरून कागद दाबणे हे तत्त्व एकच. तात्पर्य, पत्रा, हात आणि बुद्धी आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी होती. देखावा मात्र आपण दुसऱ्यांना काढू दिला. आणि त्या एकशे चव्वेचाळीस देखाव्यांत आपला चांदा नाही, मार्कंडा नाही, वैनगंगा नाही. डॅनियल इकडे फिरकलेच नाहीत. आपल्यासारखे आडवळणाचे मुलूख तांब्यावर आले ते नकाशे म्हणून. १८२७ पासून सर्व्हे खात्याचा जो मोठा नकाशासंग्रह निघू लागला, तो चार मैलांस एक इंच या प्रमाणात तांब्यावर कोरलेला होता. नकाशात नदी असते, पण तिच्या काठी बसलेला माणूस नसतो.

विसाव्या शतकात बंगालच्या मुकुल डे यांनी अमेरिकेत शिकागोला जाऊन १९१६ च्या सुमारास ही विद्या शिकून आणली आणि ती आपल्या देशातील चित्रकारांची झाली. पुढे सोमनाथ होर झाले. त्यांच्याविषयी आमच्या मनात विशेष आदर आहे. तरुणपणी ते चळवळीत होते. १९४६ मध्ये त्यांनी बंगालमधील तेभागा शेतकरी आंदोलनाची आणि त्यानंतर चहामळ्यांतील मजुरांची रेखाटने केली, आणि नंतर आयुष्यभर छापचित्रे केली व शिकवली. पत्र्यावरचा ओरखडा हा जखमेसारखा असतो हे त्यांच्या कामातून आम्हांला उमगले.

पण या कलेचे सर्वांत मोठे कुटुंब चित्रकारांचे नव्हते. ते होते ब्लॉक बनविणाऱ्या कामगारांचे. वर्तमानपत्रात छायाचित्र छापायचे तर जस्ताचा किंवा तांब्याचा ब्लॉक लागे, आणि तो अम्लानेच खोदला जाई. पुढाऱ्यांची भाषणे, पुराची दृश्ये, नटनट्यांची मुखे, सारी तेजाबातून निघत. १९९० च्या सुमारास आम्ही नव्यानेच संघटनेचे काम करू लागलो होतो, तेव्हा नागपूरच्या एका छापखान्यात ब्लॉक विभागातील माणसे भेटली. त्यांच्या बोटांची कातडी पिवळी पडलेली होती. नायट्रिक अ‍ॅसिड लागले की कातडी अशी पिवळी होते. तांब्यावर ते पडले की जो तपकिरी धूर निघतो तो फुप्फुसाला वाईट, आणि त्या खोलीला धूर बाहेर फेकणारा पंखा नव्हता. मागणी केली, अर्ज केले, दोन वेळा बैठक झाली. पंखा बसला. त्यानंतर दोन वर्षांत ऑफसेट आले आणि तो विभागच बंद झाला. पंखा मिळविलेली माणसे घरी गेली.

हे सांगण्याचे कारण एवढेच की कलेची स्तुती करताना तिचे विष झाकून ठेवणे आम्हांला जमणार नाही. आज त्यावर उपाय आहे. तांब्यासाठी नायट्रिक अ‍ॅसिडच्या जागी फेरिक क्लोराइड वापरता येते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना, विजेच्या सर्किटचे पत्रे करणाऱ्यांना ते ठाऊक आहे. त्याचा तो तपकिरी धूर होत नाही, आणि रेघ स्वच्छ खाल्ली जाते. १९९० च्या दशकात एडिंबरो येथे त्यात लिंबाचे सत्त्व मिसळण्याची रीत निघाली, तिने काम आणखी जलद झाले. तरीही हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांत काटकसर नको, आणि कोणतेही अम्ल पातळ करायचे तर पाण्यात अम्ल घालावे, अम्लात पाणी कदापि नाही. वापरलेले द्रव गटारात ओतू नये, कारण त्यात तांबे उतरलेले असते आणि गटार शेवटी नदीलाच मिळते.

आता कोणी विचारील, हातोहाती कॅमेरा असलेल्या काळात हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. कॅमेरा जे समोर आहे ते सारे घेतो, आणि म्हणून त्याची आम्हांला गरज आहे. खाणीतील अपघाताचा पंचनामा अम्लरेखनाने होणार नाही. परंतु पत्र्यापुढे बसलेल्या माणसाला कुठली रेघ राखायची आणि किती वेळ उघडी ठेवायची हे स्वतः ठरवावे लागते. त्यासाठी एका डोंगराकडे सकाळभर पाहावे लागते. रेम्ब्रांटने १६४३ मध्ये तीन झाडांचा जो देखावा केला त्यात उंचवट्यावर तीन झाडे, मागे सपाट मुलूख आणि वरून सरकत जाणारे वादळ आहे. त्या झाडांच्या काळोखात नीट पाहिल्याशिवाय न दिसणारी माणसे आहेत. एवढे थांबून पाहिल्यावाचून तसे काढता येत नाही, आणि थांबून पाहिल्यावाचून ते दिसतही नाही.

आणि आपल्या मुलखाकडे थांबून पाहण्याची वेळ आता आहे. वरोऱ्याला कोळशाची खाण १८७१ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये बंद पडली. तेव्हापासून आजपर्यंत या जिल्ह्याच्या पोटातून कोळसा निघतो आहे. आधी जमिनीखालून निघे, आता बहुतेक उघड्या खाणीतून. बल्लारपूरचा कागद कारखाना बांबूवर उभा राहिला. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि आता तिकडे सुरजागडच्या डोंगरातून लोखंडाचा दगड उतरतो आहे. खाण नको असे आम्ही म्हणणार नाही. हजारो घरांची चूल तिच्यावर आहे आणि त्या घरांत आमचीही माणसे आहेत. परंतु जेथे टेकडी होती तेथे खड्डा आणि जेथे सपाटी होती तेथे उपसलेल्या मातीचा डोंगर, असे एका पिढीत घडले आहे. पंचवीस वर्षांच्या मुलाला त्याच्या आजोबांचे रान दाखवायचे तर काय दाखवणार? नकाशा दाखवाल, तर त्यावर गट नंबर आहेत.

म्हणून आमची सूचना अशी. या गावात अम्लरेखनाचे एक यंत्र उभे राहावे. ते बाहेरून आणण्याचे कारण नाही. खाणीची अवजड यंत्रे दुरुस्त करणारे फिटर आणि टर्नर या शहरात आहेत. दोन रूळ, एक फळी आणि एक चाक त्यांना अवघड नाही. लेपासाठी मेण आपल्या जंगलातील मधमाश्या देतात. झाकण्यासाठी लाख आपल्या पळसावर आणि कुसुमावर होते. शाईसाठी जवस आपल्या शेतात पिकतो, आणि काजळीची चांद्याला कधी वाण पडली नाही! कागद मात्र कारखान्याचा चालणार नाही. ओला होऊन दाब सोसणारा कागद सुती चिंध्यांचा हवा. तो पुण्याच्या हातकागद संस्थेकडून आणता येईल, आणि ज्या जिल्ह्याला वरोऱ्याचा कापूस आहे त्याला पुढेमागे स्वतःही करता येईल. तांबे तर ठाणेवासन्याच्या जमिनीत आहे, पण ते तूर्त तेथेच राहू द्यावे. चार पत्रे बाजारातून घ्यावेत.

यंत्रावर शाळांचे चित्रकला शिक्षक असावेत, सुटीच्या दिवशी खाणकामगार असावेत, आणि गडचिरोलीच्या गावांतून, जेथे माडिया आणि गोंड माणसे त्या रानातले प्रत्येक झाड नावाने ओळखतात, तेथून मुले-मुली यावीत. कोणता डोंगर आधी झाकायचा हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? चित्राखाली काढणाऱ्याचे नाव असावे, आणि त्याच्या शेजारी छापणाऱ्याचेही असावे. गंगाराम तांबटाच्या मुलखात एवढे व्हायला हरकत नाही.

एका गोष्टीत आमचा चित्रांच्या बाजाराशी मतभेद आहे. तेथे पन्नास छाप काढून झाले की पत्र्यावर आडवी रेघ मारून तो रद्द करतात, म्हणजे छाप दुर्मिळ होतात आणि किंमत चढते. पत्रा झिजतो हे खरे, म्हणून शंभराव्या छापापेक्षा पहिला अधिक टवटवीत असतो, हेही खरे. पण धडधाकट पत्रा मुद्दाम बिघडवायचा, हे कामगाराच्या मनाला पटत नाही. रेम्ब्रांटचे ऐंशीच्या आसपास पत्रे आजही शिल्लक आहेत आणि त्याच्या मृत्यूनंतरही त्यांवरून छाप निघत राहिले. पत्रा जोवर देतो तोवर घ्यावे. एका पत्र्यावरून शंभर घरी एकच संगम, एकच ऐन, एकच नदी जावी, आणि ती सिनेमाच्या तिकिटाच्या भावात जावी. या कलेचा मोठेपणा तिच्या दुर्मिळतेत नाही. खरे चित्र अनेकांच्या घरी एकाच वेळी असू शकते, यात आहे.

अशी वीस-पंचवीस चित्रे आपल्या हातून झाली तर पुढच्या वसंतातील व्याख्यानाला वक्ता बोलावण्याची गरज नाही. ती या सभागृहाच्या भिंतीवर लावावीत आणि आपण सर्वांनी दोन तास उभे राहून पाहावीत. यंत्राच्या कामासाठी आमच्या संघटनेतील दोन फिटरांनी रविवारचा वेळ देण्याचे कबूल केले आहे. पत्र्यांचा खर्च कोण उचलतो, ते आता आपण सांगावे.